मग दम कुठून येतो?

भाचा गेल्या महिन्यात चार दिवस आमच्याकडे राहायला आला होता, गिटार पाठीला लावून. सतरा वर्षांचा आहे, बोटांना अजून घट्टे पडायचेत. शनिवारी संध्याकाळी त्यानं छोटा ॲम्प हॉलमधल्या प्लगला जोडला आणि गिटार शिकणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा सुरुवातीला जे वाजवतो तेच वाजवलं, डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचं ‘स्मोक ऑन द वॉटर’. त्याची तयारी चांगली होती. बहुतेक मुलं पिकनं, म्हणजे बोटांत धरायच्या छोट्या पट्टीनं वाजवतात. यानं पर्पलचा गिटारवाला रिची ब्लॅकमोर वाजवतो तसं, दोन तारा एकदम दोन बोटांनी उचलून वाजवलं. लयीत होतं, सुरात होतं. दोन-तीनदा वाजवून तो थांबला आणि म्हणाला, “मामा, सगळं बरोबर येतंय ना? मग रेकॉर्डसारखं का वाटत नाही? पोकळ वाटतंय.” मी काहीतरी वाचत होतो. मान वर न करताच म्हणालो, “रियाज कमी पडतोय. हात बसला की होईल.” तो “हं” म्हणाला, आवाज कमी केला, आणखी एकदा वाजवून पाहिलं आणि गिटार पिशवीत घातली. पुढचे दोन दिवस ती पिशवी सोफ्यामागे उभी होती. तो गेल्यावर रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा ती रिकामी जागा दिसली आणि मला झोप लागेना. कारण रियाजाचा प्रश्नच नव्हता. काय कमी आहे ते मला पक्कं माहीत होतं, तीस-पस्तीस वर्षं माहीत आहे, आणि तरी मी त्या मुलाच्या हातावर खापर फोडून मोकळा झालो होतो.

त्याच्या वाजवण्यात ऑर्गन नव्हता.

ती रेकॉर्ड नीट ऐकली तर कळतं. पहिल्या आवर्तनात गिटार एकटी. मग ड्रमरच्या हाय-हॅटची चिकचिक सुरू होते आणि तिच्याबरोबर, अगदी गिटारच्या अंगात शिरून, जॉन लॉर्डचा हॅमंड ऑर्गन येतो. मग बाकीचे ड्रम, मग रॉजर ग्लोव्हरचा बेस, आणि सगळं भरून आल्यावर इयन गिलनचा आवाज. ऑर्गन आल्याचं कानाला वेगळं कळत नाही, गिटारच अचानक रुंद झाली असं वाटतं. एखाद्या बारीक माणसानं घोंगडी पांघरावी तशी. तेच सूर, तीच लय, पण आता त्या आवाजाला वजन आहे, कडा खरखरीत आहेत आणि पोटात काहीतरी गुरगुरतंय. जगभर लोक जी ‘गिटारची’ धून म्हणून गुणगुणतात ती प्रत्यक्षात दोन वाद्यांची आहे. पुण्यातल्या रॉक नाइट्सना मी अजूनही जातो. तिथे हे गाणं झाल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही, आणि दर वेळी मला तेच जाणवतं. दोन गिटारी असतात, ड्रमर जीव तोडून वाजवतो, पण मधला तो जाड थर नसतो. लोक नाचतात, मीही मान डोलावतो, आणि घरी येऊन मूळ रेकॉर्ड लावतो.

मलाही हे आपोआप कळलं नव्हतं. १९८८ साली पुण्यात इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर आलो तेव्हा शेजारच्या खोलीत नागपूरचा एक मुलगा होता. त्याच्याकडे टू-इन-वन होता आणि ‘मेड इन जपान’ या पर्पलच्या कार्यक्रमांच्या रेकॉर्डची कॅसेट, कॉपीवरून कॉपी केलेली. गाणी सुरू व्हायच्या आधी टेपची सळसळच इतकी मोठी की पाऊस पडतोय असं वाटावं. रॉकेलचा स्टोव्ह, मॅगी, वाळत घातलेले ओले टॉवेल, आणि त्यात ‘लेझी’ या गाण्याची सुरुवात. जमिनीतून काहीतरी उकरून काढावं तसा एक फाटका, घोगरा आवाज यायचा, फुगायचा, दबायचा, पुन्हा उसळायचा. मी म्हणालो, “काय गिटार वाजवतो रे हा!” नागपूरकर उठून बसला. “गिटार नाही बे, ऑर्गन आहे तो.” मी वाद घातला. ऑर्गन म्हणजे काय ते मला चांगलं माहीत होतं. ऑर्गन आमच्या घरात होता. ऑर्गन असा वाजत नाही.

सांगलीला गावभागात आमचं घर. माजघराच्या भिंतीला लागून नानांचा ऑर्गन असायचा, पायपेटी. नाना म्हणजे माझे आजोबा. तरुणपणी संगीत नाटकांच्या कंपन्यांबरोबर फिरले, मग संसारासाठी शाळेत कारकुनी धरली, पण गावात नाटक उभं राहिलं की रंगमंचासमोरच्या खड्ड्यात ऑर्गनवर नानाच. शिसवी रंगाचा लाकडी सांगाडा, समोर ओढायच्या खुंट्या, खाली दोन पायटे. पायटे आलटून पालटून दाबायचे, म्हणजे आतला भाता हवा ओढून घेतो आणि पट्टी दाबली की सूर बोलतो. गुडघ्याशी एक फळी असते, ती बाहेर ढकलली की आवाज मोकळा होतो. म्हणजे हात, पाय, गुडघे सगळं अडकलेलं, आणि नजर वर गाणाऱ्याच्या ओठांवर. लहानपणी मी ऑर्गनखाली बसून नानांचे पाय बघत असे. खालून त्याचा वेगळाच आवाज येतो. वर सूर, आणि खाली धापा टाकणाऱ्या जनावरासारखा चामड्याचा, हवेचा श्वास. जुनं लाकूड, वंगण आणि नानांच्या तपकिरीचा वास अजून तसाच नाकात आहे. नाना गोविंदराव पटवर्धनांना फार मानायचे. त्यांची साथ ऐकून आले की दोन दिवस घरात दुसरा विषय नसे. गायिकेनं तान घेतली की ही बोटं तिच्या मागे सावलीसारखी कशी जातात, ती श्वास घ्यायला थांबली की मधला भरणा कसा करतात आणि ती परत आली की कसे बाजूला होतात, हे ते आम्हाला जेवताना पाटावर बोटं नाचवून दाखवायचे. मोठा होत गेलो तशी मला त्या पेटीची लाज वाटायला लागली. मित्र घरी आले की मी माजघराचं दार लोटून घ्यायचो.

दिवाळीच्या सुटीत नागपूरकराची कॅसेट मागून सांगलीला नेली. मला नानांकडून फक्त एवढंच म्हणवून घ्यायचं होतं की हा ऑर्गन नव्हे. फराळ झाल्यावर ते झोपाळ्यावर बसले होते, मी टेप लावला. नानांनी डोळे मिटले. ‘लेझी’ची सुरुवात पूर्ण ऐकली, मांडीवर बोटं हलत होती, आणि डोळे न उघडताच म्हणाले, “ह्याच्या भात्याला दम आहे रे.” मला इतका राग आला! ओळखलं तर होतंच, वर भाता म्हणाले. मी तोऱ्यात सांगितलं, “नाना, ह्याला भाता नसतोच. विजेवर चालतो तो.” त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. खरोखर कुतूहलानं विचारलं, “असं? मग दम कुठून येतो?”

मला माहीत नव्हतं. “वीज म्हणजे वीज,” असं काहीतरी बोलून मी कॅसेट उलटली. दुसऱ्या बाजूला ‘स्मोक ऑन द वॉटर’ लागलं तेव्हा त्यांनी पुन्हा मान डोलावली आणि म्हणाले, “दोन्ही मध्यम शेजारी शेजारी लावलेत. ललतात लागतात तसे. पण गंधार कोमल ठेवलाय.” मी त्याकडेही लक्ष दिलं नाही. नाना १९९६ साली गेले. तोवर मी त्या प्रश्नाचं उत्तर शोधलं नव्हतं.

नंतर शोधलं, आणि जितकं सापडत गेलं तितकी हळहळ वाढत गेली, कारण नानांना ते ऐकायला फार आवडलं असतं. लॉरेन्स हॅमंड हा मुळात विजेची घड्याळं बनवणारा माणूस. घड्याळातली मोटर विजेच्या लहरींशी इमान राखून एकाच गतीनं फिरते, तीच त्यानं १९३५ साली वाद्यात बसवली. त्या मोटरवर धातूच्या दातेरी चकत्या फिरतात, तब्बल ९१. प्रत्येक चकतीसमोर लोहचुंबकाची कांडी आणि तारेचं वेटोळं. दाते समोरून जातात तसा वेटोळ्यात प्रवाह थरथरतो, आणि हा थरथराट म्हणजेच सूर. पुढे नऊ-नऊ ओढदांड्यांचे संच, त्या कमी-जास्त ओढून सुराचा पोत घडवायचा, नानांच्या खुंट्यांसारखाच. चर्चला नळ्यांचे महाग ऑर्गन परवडत नाहीत म्हणून हे वाद्य विकलं गेलं. पट्टी दाबताना त्यात एक बारीक ‘टक्’ येतो. तो दोष मानून घालवायचा प्रयत्न झाला, पण वादकांना तोच हवाहवासा वाटला. ‘हायवे स्टार’मध्ये लॉर्डच्या द्रुत तानांना जी धार आहे, एकेक सूर सुटा पडतो, त्यात या ‘टक्’चा मोठा हात आहे. आणि सूर विजेच्या गतीला बांधलेला असल्यामुळे एक गंमतही होते. ५० हर्ट्झच्या विजेसाठी केलेलं वाद्य ६० हर्ट्झवर लावलं तर षड्जाच्या जागी बरोबर कोमल गंधार वाजतो. जपानमध्ये ओसाकाला ६० आणि टोकियोला ५० हर्ट्झची वीज आहे, आणि ‘मेड इन जपान’ याच दोन शहरांत ध्वनिमुद्रित झाला.

पण दम चकत्यांत नाही. हॅमंडचा मूळ आवाज सौम्य असतो, मऊ, थोडासा भक्तिभावाचा. साधारणपणे तो लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून ऐकवतात, त्यानं आवाजाला झुळझुळ येते. जॉन लॉर्डला शेजारी रिची ब्लॅकमोरसारखा कानठळ्या बसवणारा गिटारवाला मिळाला होता. त्याच्यापुढे ही झुळझुळ ऐकूच येईना. मग लॉर्डनं ऑर्गन उचलून गिटारच्या मार्शल ॲम्पमध्ये घातला. काचेच्या व्हॉल्व्हना झेपणार नाही इतका सूर त्यांच्यात कोंबायचा, म्हणजे लहरींचे माथे चेपतात आणि सुरातून शेकडो नवे उपसूर फुटतात. हीच ती गुरगुर. नानांनी जो दम ऐकला तो इथला. आपल्याला पेलणार नाही एवढं ओझं घेऊन ओरडणाऱ्या व्हॉल्व्हचा.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडते. गिटारमध्ये लोखंडी तार चुंबकासमोर थरथरते आणि वेटोळ्यात प्रवाह उमटतो. हॅमंडमध्ये लोखंडी दाता चुंबकासमोरून जातो आणि वेटोळ्यात प्रवाह उमटतो. आतून दोन्ही वाद्यं सख्खी भावंडं आहेत. मार्शलमध्ये शिरल्यावर कुठली तार आणि कुठली चकती हे कळेनासं झालं तर नवल नाही. आणि ब्लॅकमोर ज्या दोन तारा एकदम उचलतो त्यांच्यातलं अंतर बघा. वरचा षड्ज, खालचा मंद्र पंचम. तानपुऱ्याची पहिली तार पंचमाची आणि मधल्या जोडीच्या षड्जाच्या, तीच ही जोडी. या दोन सुरांच्या कंपनसंख्येचं प्रमाण ३ ला ४. असे दोन सूर एकदम त्या चेपलेल्या ॲम्पमधून गेले की त्यांच्या वजाबाकीचा, म्हणजे १ चा सूरही आपोआप उमटतो, वरच्या षड्जाच्या दोन सप्तकं खाली. कुणीही न वाजवलेला खर्ज! चांगल्या जुळलेल्या तानपुऱ्यात कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. पर्पलच्या त्या चार आवर्तनांत मला तसाच स्वयंभू खर्ज ऐकू येतो. नानांना हे सांगता आलं असतं तर त्यांनी मला तो दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा वाजवायला लावला असता आणि कान टेपला लावून बसले असते.

‘मेड इन जपान’ मी किती वेळा ऐकला याची गणती नाही. ओसाकाला १५ आणि १६ ऑगस्ट १९७२, टोकियोच्या बुडोकानमध्ये १७ ऑगस्ट, अशा तीन रात्रींचं हे ध्वनिमुद्रण. बँडला त्याचं फारसं अप्रूप नव्हतं, मुळात ते फक्त जपानी बाजारासाठी ठरलं होतं. सात गाणी आणि चार बाजू, म्हणजे दोन तबकड्या. यावरूनच कळेल की शब्द किती आणि वाजवणं किती. ‘स्पेस ट्रकिंग’नं एक अख्खी बाजू घेतली आहे, वीस मिनिटांच्या आसपास. गाणं पाच मिनिटांत संपतं आणि पुढे सगळा ऑर्गनचा, गिटारचा आणि ढोलांचा प्रदेश. लॉर्ड एका यंत्रातून सूर असे काही वाकवतो की घंटा, भोंगे, धातूचे किंचाळणारे आवाज येतात, आणि त्या गोंधळात इयन पेसचा ठेका मात्र तसूभर हलत नाही. पेस डावखुरा, त्याचे ढोलही उलटे मांडलेले असतात. रॉक वाजवणारे बहुतेक ड्रमर चार मात्रा ठोकून काढतात, पेसच्या हातात झोका आहे. ‘लेझी’मध्ये तो झोका ऐकला की मला आमच्याकडच्या लावणीचा ढोलकीवाला आठवतो, जो सम तर देतोच पण समेकडे जाताना खांदे उडवतो. ‘स्ट्रेंज काइंड ऑफ वुमन’मध्ये तर ब्लॅकमोर गिटारवर तुकडा टाकतो आणि गिलन तोच तुकडा गळ्यातून काढून दाखवतो, वर, आणखी वर. हा सवालजवाब नाही तर काय आहे? ग्लोव्हरच्या बेसबद्दल कुणी बोलत नाही. एकदा फक्त त्याचाच सूर धरून पूर्ण तबकडी ऐकावी, एवढंच सुचवतो.

आम्हा वेड्यांमध्ये दोन तट आहेत, आणि वाद कधी मिटत नाही. गिटारवाले म्हणतात, ब्लॅकमोर नसेल तर पर्पल कसला. ऑर्गनवाले म्हणतात, गिटार तर सगळ्यांकडेच होती. मी अर्थातच दुसऱ्या तटातला. पण खरं सांगायचं तर या बँडचं मर्म दोघांच्या भांडणात आहे. आपल्याकडे साथीचं वाद्य सावलीसारखं चालतं, आणि त्यातली कला केवढी मोठी आहे ते मी घरात पाहिलं. लॉर्डनं सावली व्हायला नकार दिला. लहानपणापासून शास्त्रोक्त पियानो शिकलेला हा माणूस, जुना जर्मन संगीतकार बाख त्याच्या बोटांत मुरलेला, आणि तो गिटारच्या खांद्याला खांदा लावून उभा राहतो, धक्काबुक्की करतो. ‘हायवे स्टार’मध्ये आधी ऑर्गनची पाळी आहे, मग गिटारची, आणि दोघांच्या तानांत बाखच्या पायऱ्या दिसतात. ते सगळं गाणंही एका बसमध्ये जन्माला आलं. १९७१ साली पोर्ट्समथला कार्यक्रमासाठी जाताना एका पत्रकारानं विचारलं, तुम्ही गाणी कशी रचता? ब्लॅकमोरनं गिटार उचलली आणि एकच सूर खाडखाड वाजवायला लागला, गिलननं शब्द जोडले.

स्मोकच्या धुराची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. स्वित्झर्लंडमधलं माँत्र्यो, डिसेंबर १९७१, जिथे रेकॉर्ड करायची तोच जळून गेलेला कॅसिनो. मला त्या आगीपेक्षा नंतरचे दिवस जास्त जवळचे वाटतात. राहायची जागा होती, वाजवायची नव्हती. पॅव्हेलियन नावाच्या एका नाट्यगृहात त्यांनी रात्री या धूनीचं वाजवणं मुद्रित केलं. गाव जागं झालं, तक्रारी गेल्या, पोलीस दारावर आले, आणि आत ध्वनिमुद्रण पूर्ण होईपर्यंत त्यांच्या माणसांनी आतून दारं धरून ठेवली. मग हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलात मुक्काम हलला. थंडगार रिकामा कॉरिडॉर, आवाज अडवायला भिंतींना टेकवलेल्या गाद्या, आणि बाहेर रोलिंग स्टोन्सचा ध्वनिमुद्रणाचा ट्रक. वाजवलेलं ऐकायचं तर खोल्या, बाल्कन्या ओलांडत ट्रकपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. दोन-चार खेपांनंतर ते ऐकायला जायचेच थांबले. सगळे समाधानानं थांबेपर्यंत वाजवायचं आणि पुढे जायचं. तिथे झालेली ‘मशीन हेड’ ही रेकॉर्ड ऐकताना मला ते जाणवतं, मागे वळून न पाहिलेल्या माणसांचं वाजवणं. दौऱ्यावर धर्मशाळेत, शाळेच्या वर्गात, मिळेल तिथे तालीम करणाऱ्या नाटकवाल्यांच्या कितीतरी कथा नाना सांगायचे. तेव्हा त्या मला कंटाळवाण्या वाटायच्या.

‘चाइल्ड इन टाइम’बद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या गाण्याच्या सुरुवातीला ऑर्गन एकटा, हलक्या पावलांनी येतो. मला ती धून देवळात पहाटे कुणीतरी एकट्यानं म्हटलेल्या भूपाळीसारखी वाटायची. ती धून ‘इट्स अ ब्युटिफुल डे’ नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडच्या एका वाद्यरचनेवरून आली आहे. लॉर्ड ती ऑर्गनवर चाळा म्हणून वाजवत होता, तिचीच लय उतरवून हे गाणं झालं, आणि बँडनं ते कधी लपवलं नाही. त्या मूळ रचनेचं नाव ‘बॉम्बे कॉलिंग’! त्या बँडनंही पर्पलच्या ‘रिंग दॅट नेक’ या वाद्यरचनेवरून आपली एक रचना बांधली, म्हणजे देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली. त्या धूनीत मुंबईचं काही नाही हे मलाही कळतं. तरी ते वाचल्यावर मी त्या रात्री खिडकीत उभा राहून ते गाणं पुन्हा लावलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

ऐकणाऱ्यांमध्ये माझा मुजरा एका डच माणसाला. १९६९ साली लॉर्डनं बँड आणि ऑर्केस्ट्रा मिळून वाजवायची एक मोठी रचना लिहिली. २४ सप्टेंबरला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिकबरोबर ती वाजली, संचालन माल्कम आर्नल्ड यांचं. पुढच्याच वर्षी तिची स्वरलिपी हरवली. शंभरच्या आसपास वाद्यांसाठी लिहिलेली पानंच्या पानं, गेलीच. मार्को दे खूय नावाच्या तरुण संगीतकारानं ती नुसती ऐकून पुन्हा लिहून काढली. ध्वनिमुद्रण लावायचं, चित्रफीत बघायची, थांबवायची, मागे न्यायची. कुठल्या क्षणी किती व्हायोलिनं, मागे कुठलं शिंग, ढोलाखाली कोण दबलंय. ते बाड घेऊन तो लॉर्डला भेटला, लॉर्डनं त्यावर हात फिरवला, आणि १९९९ च्या सप्टेंबरात त्याच सभागृहात ती रचना पुन्हा उभी राहिली, या वेळी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर. तबकडीवरची सुई शंभरदा मागे नेऊन नाट्यपदाची जागा उचलणारे लोक आमच्या सांगलीत घराघरात होते. पण एवढ्या कल्लोळात खाली दबलेला प्रत्येक सूर शोधून त्याला त्याची जागा परत द्यायची, याला काय म्हणावं? जॉन लॉर्ड १६ जुलै २०१२ रोजी गेला. त्या दिवशी मी गिटारचं काहीच ऐकलं नाही.

तर भाच्याला फोन केला. म्हणालो, “त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. तुझा हात बरोबर आहे. पुढच्या शनिवारी सांगलीला येशील? गिटार घेऊन.”

घरात आता काकू एकटीच असते. ऑर्गनवर जुनी चादर आणि तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. चादर काढली तशी धूळ उडाली आणि मागोमाग तो वास आला, लाकडाचा आणि वंगणाचा. तपकिरीचा नाही आला. पायटे दाबले, डावा कुरकुरला, भाता कुठूनतरी सुसू करत होता, पण भरला. पट्ट्या एकेक तपासल्या. पांढरी पाच छान बोलली. काळी पाच दाबली तर नुसती हवा. सूर मेलेला. म्हणजे षड्ज होता, दोन्ही मध्यम होते आणि कोमल गंधारच नव्हता. भाच्यानं मोबाइलवर सूर तपासला तर पेटी त्याच्या गिटारपेक्षा चांगलीच उतरलेली. “आता?” “आता तू खाली ये. पेटी हलत नाही, तारेनं पेटीकडे यायचं असतं.” त्यानं सहाही तारा उतरवल्या, कान लाकडाला लावून, मोबाइल बाजूला ठेवून. बराच वेळ लागला. मी पायटे मारत नुसती पांढरी पाच धरून बसलो होतो आणि माझे पाय नानांच्या पायांसारखे चालताहेत हे मला मधेच जाणवलं.

पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा मी घाई केली. तिसऱ्यांदा तो एकटा सुरू झाला आणि एक आवर्तन झाल्यावर मी आत शिरलो, मंद्र पंचम आणि षड्ज एकदम. मार्शल नव्हता, हॅमंड नव्हता, फाटका भाता होता. गंधाराच्या जागी माझ्याकडून फक्त हवा जायची आणि तिथे त्याची गिटार एकटीच दिसायची, पुढच्या मध्यमावर आम्ही पुन्हा एकत्र. स्वयंपाकघरातली भांड्यांची खुडबुड थांबली. काकू दारात येऊन उभी राहिली, हातात उलथनं तसंच. काही बोलली नाही.

भाचा थांबला. ॲम्पकडे बघितलं, मग ऑर्गनच्या खाली वाकून बघितलं, जिथे मी लहानपणी बसायचो.

“मामा, पुन्हा,” तो म्हणाला. “या वेळी तू आधी सुरू कर.”

मी दोन्ही पायटे दाबले आणि भाता भरायची वाट बघत राहिलो.